उपवासाच्या ताटातून लॅटिन अमेरिका

सप्टेंबर आला, की अमेरिकेतल्या मराठी घरांत नुसती धांदल असते. गणपती होतात, पितृपंधरवडा लागतो, मग घट बसतात. त्याच सुमाराला मुलांच्या शाळेतून एक चिठ्ठी येते. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर 'हिस्पॅनिक हेरिटेज मंथ' आहे, मुलांना रंगीत कपडे घालून पाठवा, जमल्यास एखादा पदार्थही पाठवा. आपण दुकानातून चिप्सचं पाकीट आणि साल्साची बाटली आणतो, मुलाच्या हातात देतो आणि सुटलो म्हणतो.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. इथे दर दहा माणसांमागे साधारण चार माणसं हिस्पॅनिक आहेत. २०२०च्या जनगणनेनुसार अख्ख्या अमेरिकेत ही संख्या सहा कोटींहून जास्त आहे, म्हणजे जवळपास पाचातला एक. आपल्या घराचं छप्पर बांधणारे हात, आपण खातो ते टोमॅटो खुडणारे हात, मुलांच्या शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या नर्स, शेजारचं कुटुंब... रोजचा संबंध आहे. पण ओळख? ती 'ओला' आणि 'ग्रासियास' यांच्या पुढे क्वचितच जाते. आणि सगळ्यांना सरसकट 'मेक्सिकन' म्हणून आपण मोकळे होतो.

आपल्याला कुणी 'तुम्ही इंडियन भाषा बोलता ना?' असं विचारलं, की कसं वाटतं ते आठवून बघा. आमच्या शेजारच्या आजी एल साल्वाडोरच्या. त्यांना दिवसातून दोनदा कुणी ना कुणी मेक्सिकोबद्दल विचारतं. त्या हसून घेतात, पण त्या हसण्यातलं अवघडलेपण आपल्याला ओळखू यायला हवं. आपणही तसंच हसतो की!

म्हणून गेली काही वर्षं आमच्या घरी हा महिना जरा वेगळ्या पद्धतीने चालतो. खर्च फार नाही आणि सणांच्या धावपळीतही जमतं. त्यातलं जे मुलांना खरंच आवडलं, तेच इथे सांगते.

महिना मध्येच का सुरू होतो?

मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो. महिना एक तारखेला सुरू व्हायला हवा, हा पंधरा तारखेला का? उत्तर इतिहासात आहे. १९६८ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात हा एक आठवडा म्हणून सुरू झाला. १९८८ मध्ये रोनाल्ड रेगन यांच्या सहीने त्याचा महिना झाला. १५ सप्टेंबर ही तारीख धरली, कारण १८२१ साली याच दिवशी ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच देशांचं स्पेनपासूनचं स्वातंत्र्य जाहीर झालं. लगेच १६ तारखेला मेक्सिकोचा आणि १८ तारखेला चिलीचा राष्ट्रीय दिवस असतो.

मेक्सिकोची गोष्ट मुलांना फार आवडते. १८१० मध्ये डोलोरेस नावाच्या गावात मिगेल इदाल्गो या पाद्रीने चर्चची घंटा वाजवून लोकांना उठावाची हाक दिली. आजही १५ सप्टेंबरच्या रात्री मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जात उभं राहून घंटा वाजवतात आणि तीच आरोळी देतात. समोरच्या चौकात जमलेली गर्दी तिला साथ देते. आम्ही त्या रात्री हा सोहळा टीव्हीवर बघतो. घरातली देवघरातली घंटा वाजवायला मुलं तयारच असतात.

जाता जाता एक गैरसमज दूर करते. 'सिंको दे मायो' म्हणजे ५ मे हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन नाही. १८६२ साली पुएब्ला शहराजवळ मेक्सिकन सैन्याने फ्रेंच फौजेला हरवलं, त्याची ती आठवण आहे.

या माहितीवरून आमचा पहिला उपक्रम ठरला. फ्रिजवर दोन्ही अमेरिका खंडांचा एक साधा नकाशा लावायचा. महिनाभरात ज्या ज्या देशाचा माणूस भेटेल, गाणं ऐकू किंवा पदार्थ खाऊ, तो देश रंगवायचा. पहिल्या वर्षी चारच देश रंगले. पण आता मुलं बसमध्ये, मैदानावर स्वतःहून विचारतात, 'तुझे आजी-आजोबा कुठल्या गावचे?' एवढं मात्र त्यांना बजावून ठेवलंय, की प्रश्न आपुलकीचा असावा. कोण कधी आलं, कसं आलं, कागदपत्रं आहेत का, या चौकशा आपल्या नाहीत. व्हिसाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

नकाशा रंगवताना 'हिस्पॅनिक' आणि 'लॅटिनो' यांतला फरकही आपोआप कळतो. हिस्पॅनिक शब्दाचं नातं स्पॅनिश भाषेशी. लॅटिनोचं नातं लॅटिन अमेरिकेच्या भूभागाशी. ब्राझीलचे लोक पोर्तुगीज बोलतात, म्हणून ते लॅटिनो, पण हिस्पॅनिक नाहीत. स्पेनचा माणूस हिस्पॅनिक, पण लॅटिनो नाही.

उपवासाचं ताट

आता आमचा सगळ्यात लाडका उपक्रम. बहुतेक वर्षी नवरात्र याच महिन्यात किंवा त्याला लागून येतं. घरात साबुदाण्याची खिचडी होते, रताळ्याचा कीस होतो, बटाट्याची भाजी होते, राजगिऱ्याचे लाडू येतात. त्या दिवशी ताट वाढून मुलांना सांगायचं, यातला कुठला पदार्थ कुठून आला ते शोधा.

बटाटा अँडीज पर्वतातला, म्हणजे आजच्या पेरू आणि बोलिव्हियाच्या बाजूचा. पेरूची राजधानी लिमा इथे बटाट्यावर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले. रताळं अमेरिका खंडातलंच. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो, तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. इथल्या लॅटिन दुकानांत 'युका' नावाने ते लांबट, तपकिरी कंद मिळतात, तेच हे. खिचडीतली हिरवी मिरची मेक्सिकोकडची. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्याला लागली, असं मानतात. त्याआधी आपल्याकडे तिखटासाठी मिरी होती. वरई आणि शिंगाडा मात्र त्या बाजूचे नव्हेत, हेही मुलांनी शोधून काढलं.

राजगिऱ्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. मेक्सिकोत अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात मध किंवा पाक घालून देवतांच्या मूर्ती घडवायचे आणि मग त्याचा प्रसाद वाटायचे. स्पॅनिश पाद्र्यांना ते रुचलं नाही आणि त्यांनी ही प्रथा मोडून काढली. पण राजगिरा टिकला. आजही मेक्सिकोत फुलवलेल्या राजगिऱ्यात मध किंवा गूळ घालून वड्या थापतात. त्यांचं नाव 'अलेग्रिया', म्हणजे आनंद. मेक्सिकन दुकानातून ही वडी आणा आणि आपल्या राजगिऱ्याच्या वडीशेजारी ठेवा. डोळे मिटून मुलांना ओळखायला सांगा. आमच्याकडे कुणालाच ओळखता आलं नाही!

त्यात घालतात तो गूळही मेक्सिकन दुकानात शंकूच्या आकाराच्या छोट्या ढेपांमध्ये मिळतो. त्याला 'पिलोन्सियो' म्हणतात. कोलंबियाकडे त्यालाच 'पानेला'. भारतीय किराणा दुकान लांब असेल, तर मोदकाच्या सारणाला खुशाल वापरा.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती बरं का. फिलिपिन्सच्या मनिला बंदरातून जाणाऱ्या स्पॅनिश जहाजांनी आशियातला आंबा मेक्सिकोला नेला. तिकडे आजही आंब्याच्या एका जातीला 'मनिला' म्हणतात. चिंचही तिकडे पोहोचली. चिंचेचं सरबत तिथे घरोघरी होतं आणि त्या 'तामारिंदो' नावात अरबी भाषेतला 'हिंदी' शब्द अजून लपलेला आहे. मूळ अर्थ, हिंदुस्थानचा खजूर.

दसऱ्याचा झेंडू

दसऱ्याला दारावर झेंडूचं तोरण नसेल, तर चुकल्यासारखं वाटतं. तो झेंडूही मूळचा मेक्सिकोचा. तिथलं त्याचं नाव 'सेम्पासुचिल'. नाहुआत्ल या तिथल्या जुन्या भाषेतल्या नावाचा अर्थ वीस फुलं, म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचं फूल. १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत 'दिया दे लोस मुएर्तोस' असतो. घरात एक वेदी मांडतात. तिच्यावर गेलेल्या माणसांचे फोटो, त्यांच्या आवडीचे पदार्थ, पाणी, मेणबत्त्या. आणि झेंडूच्या पाकळ्यांची वाट, म्हणजे तो रंग आणि वास ओळखून आजोबा-पणजोबा घरी येतात. पिक्सारच्या २०१७ मधल्या 'कोको' चित्रपटात मुलांनी हे बघितलेलं असतं.

आमच्या मुलीने विचारलं, 'आई, हे आपल्या पितृपक्षासारखंच ना?' अगदी तेच म्हणता येणार नाही. त्यांच्यात चर्चची प्रार्थना आहे, आपल्यात तर्पण आहे. पण गेलेल्या माणसाला त्याच्या आवडीचं वाढायचं, हे दोन्हीकडे आहे. तेव्हापासून आम्ही पितृपक्षात पणजी-पणजोबांचे फोटो काढून बसतो आणि प्रत्येकाची एक तरी गोष्ट मुलांना सांगतो. ही सवय आम्हाला त्यांच्या वेदीवरून लागली.

ऑक्टोबरात मेक्सिकन दुकानांत आणि नर्सरीत झेंडूची रोपं येतात. दसऱ्याची फुलं तिथूनच घ्या. विकणाऱ्या बाईंना विचारा, त्या याचं काय करतात. बोलणं आपोआप सुरू होतं.

तव्यावरचा पुपुसा

साल्साच्या बाटलीऐवजी एखाद्या रविवारी पुपुसा करून बघा. हा एल साल्वाडोरचा लाडका पदार्थ. आपल्याला अजिबात अवघड नाही, कारण पुरणपोळीचा उंडा भरायचा हात आपल्याला असतोच.

दोन वाट्या मासा आरिना घ्या. हे मक्याचं खास पीठ कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतं. त्यात मीठ आणि साधारण दीड वाटी कोमट पाणी घालून मऊ मळा, दहा मिनिटं झाकून ठेवा. शिजवून घोटलेला राजमा किंवा काळा घेवडा आणि किसलेलं मोझरेला चीज एकत्र करून सारण करा. ओल्या हाताने पिठाची वाटी करा, सारण भरा, तोंड बंद करून हातावरच थापा. गरम तव्यावर दोन्ही बाजूंनी चार-पाच मिनिटं, डाग पडेपर्यंत भाजा. सोबत कोबी, गाजर, कांदा चिरून व्हिनेगर, मीठ आणि ओरेगानो घातलेली 'कुर्तिदो' नावाची कोशिंबीर. आणि हो, पुपुसा हातानेच खातात.

एक लक्षात ठेवा, पाकिटावर साधं मक्याचं पीठ असेल, तर हे जमत नाही. मासा आरिनासाठी मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून मुरवतात, मग दळतात. ही युक्ती हजारो वर्षांपूर्वीची आहे. तिच्यामुळे पीठ नीट मळलं जातं आणि मक्यातलं नायसिन शरीराला मिळतं. युरोपियनांनी मका नेला, पण ही पद्धत नेली नाही. मग जिथे गरिबांचं पोट नुसत्या मक्यावर चालायचं, तिथे पेलाग्रा नावाच्या रोगाने माणसं मेली. तिथल्या बायकांचं स्वयंपाकघरातलं शहाणपण किती मोलाचं होतं, ते यावरून कळतं. त्यांच्याकडचा 'मेताते' म्हणजे आपला पाटा, 'मोल्काहेते' म्हणजे दगडी खल आणि 'कोमाल' म्हणजे तवा.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. डब्यातल्या किंवा हॉटेलातल्या घोटलेल्या राजम्यात आणि तामालेच्या पिठात बरेचदा डुकराची चरबी असते. तिला 'मांतेका' म्हणतात. भातही अनेकदा चिकनच्या पाण्यात शिजवतात. तेव्हा 'सिन मांतेका?', म्हणजे चरबीशिवाय आहे का, एवढं विचारायला शिका. विचारल्याचा राग कुणी धरत नाही.

कागद, कात्री आणि हौजी

गणपतीच्या पताका करून उरलेले पातळ रंगीत कागद असतीलच. ते घड्या घालून कात्रीने नक्षी कापा, दोऱ्याला चिकटवा. याला मेक्सिकोत 'पापेल पिकादो' म्हणतात. तिथले कारागीर एकावर एक कागदांची चळत ठेवून छिन्नीने नक्षी पाडतात.

पिन्याता म्हटलं, की आपल्या मुलांना वाढदिवस आठवतो. पण ते मूळचं मातीचं मडकं, वरून कागद लावून सजवलेलं. ख्रिसमसच्या पिन्यात्याला सात टोकं असतात, ती सात पापांची. डोळे बांधून काठीने ते फोडायचं आणि आतला खाऊ सगळ्यांनी वेचायचा. दहीहंडी पाहिलेल्या पोरांना यातली गंमत सांगावी लागत नाही. घरी करायचा तर फुग्यावर वर्तमानपत्राचे तुकडे कणकेच्या खळीने तीन थरांत चिकटवा, दोन दिवस वाळवा, फुगा फोडून आत खाऊ भरा.

पावसाळी संध्याकाळी 'लोतेरिया' खेळा. हा त्यांचा चित्रांचा हौजी. ५४ पत्ते, प्रत्येकाच्या हातात १६ चित्रांचा तक्ता आणि खुणेला राजम्याचे दाणे. पत्ते पुकारणारा नुसतं नाव घेत नाही, चित्रावरून कोडं किंवा दोन ओळी रचून सांगतो. आपल्या उखाण्यांची सवय असलेल्या आजी-आजोबांना हे काम द्या. आमच्या सासूबाई तिकडून आल्या होत्या, तेव्हा त्यांनी कोंबड्यावर आणि चंद्रावर मराठीत अशा काही ओळी जुळवल्या, की शेजारची मुलंही अर्थ न कळता हसत होती.

भाषा आपल्याला सोपी

आपल्या मुलांना स्पॅनिश सोपं जायला हवं. त्यांचा 'त' आणि 'द' आपल्यासारखाच दातांना जीभ लावून म्हणायचा. निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं, हे मराठी मुलाला नवीन नाही. आणि 'तू'साठी 'तू', 'तुम्ही'साठी 'उस्तेद' आहेच. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू' म्हणणाऱ्या मुलांना मी आवर्जून सांगते, शेजारच्या आजींशी बोलताना 'उस्तेद'. छप्पर दुरुस्त करायला आलेल्या काकांशीही 'उस्तेद'. आपल्याकडे काम करायला येणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं, हे मुलं आपल्याकडे बघूनच शिकतात.

एक खेळ करा. मराठीत पोर्तुगीजांकडून आलेले शब्द स्पॅनिशमध्ये शोधा. आपला 'पगार' तिकडे 'पागार', म्हणजे पैसे देणं. 'बादली' तिकडे 'बाल्दे'. 'पाव' म्हणजे 'पान'. 'पपई' तर 'पापाया'च. आणि 'बाताता' म्हटलं, की स्पॅनिश माणूस रताळं समजतो!

सांगायलाच हव्यात अशा गोष्टी

रात्री झोपताना गोष्ट हवी असते. ग्रंथालयात 'पुरा बेल्प्रे' पुरस्कार मिळालेली पुस्तकं मागा. पुरा बेल्प्रे या प्वेर्तो रिकोच्या बाई १९२१ पासून न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात काम करत होत्या. आपल्या बेटावरच्या लोककथा मुलांना कुठे वाचायलाच मिळत नाहीत हे बघून त्यांनी त्या स्वतः सांगायला आणि लिहायला घेतल्या. परक्या देशात मुलांची भाषा कशी टिकवायची, ही काळजी आपल्यासारखीच त्यांनाही होती.

सिल्व्हिया मेंडेझची गोष्ट सांगा. १९४०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टर इथे तिला गोऱ्या मुलांच्या शाळेत प्रवेश नाकारला. मेक्सिकन मुलांची शाळा वेगळी होती. तिच्या आईवडिलांनी इतर कुटुंबांना बरोबर घेऊन खटला लढवला आणि १९४७ मध्ये अपिलातही जिंकला. देशभरातल्या शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा निकाल त्यानंतर सात वर्षांनी, १९५४ मध्ये आला. आज आपली मुलं सरकारी शाळेत सगळ्यांबरोबर बसतात, त्यात या कुटुंबाचा वाटा आहे.

आणि एक गोष्ट अस्सल आपली. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले. इंग्रजांमुळे मायदेशी परतणं अशक्य झालं, तेव्हा १९२०च्या दशकात मेक्सिकोला गेले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या सुधारित वाणांवर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना जागा दिली. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला. त्यांची मुलगी सावित्री साहनी यांनी इंग्रजीत त्यांचं चरित्र लिहिलंय. ज्या मेक्सिकोने आपल्या माणसाला आसरा दिला, मान दिला, त्याचं ऋण आपल्यावर आहे, हे मुलांना कळू दे.

दोन गोष्टी टाळाव्यात

मोठी टोपी आणि खोटी मिशी लावून मुलांना शाळेत पाठवू नका. कुणी फेटा आणि टिकली लावून 'इंडियन' झालं तर आपल्याला जे वाटतं, तेच त्यांना वाटतं. आणि सगळा महिना खाण्यावरच संपवू नका. गावात मिरवणूक, बाजार किंवा वाद्यवृंद असेल तर जा, तिथल्या छोट्या विक्रेत्यांकडून काहीतरी विकत घ्या, त्यांच्याशी दोन शब्द बोला.

आणि बोलावणं दोन्हीकडून व्हायला हवं. आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात सभागृह लावणारे, झाडणारे, भांडी उचलणारे बरेचदा स्पॅनिश बोलणारेच असतात. या दसऱ्याला पंगत वाढताना त्यांची पानंही मांडू या. आधी नाव विचारू या, मग गाव. आपल्या ताटातला राजगिरा आणि दारातला झेंडू त्यांच्या आजी-पणजीच्या अंगणातून आलाय, हे त्यांना सांगितलं, की पुढच्या गप्पा तेच सुरू करतील.